छोट्या लॅपटॉपचा रिकव्हरी पेनड्राइव्ह: कुठे अडतं, का अडतं आणि मग काय करायचं

मामाचा लॅपटॉप ११.६ इंची, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २०१६ साली स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. मामा आमच्या गावच्या उत्सवी नाटकांचं पार्श्वसंगीत बघतो, जत्रेला देवळासमोर मंडपात नाटक असतं तेव्हा हा लॅपटॉप मिक्सरला जोडून विंगेत बसलेला असतो. तर गेल्या वर्षी जत्रेच्या दोन दिवस आधी फोन, "आरे हो चालू जायना मरे, नाटक परवां!" (अरे, हा चालूच होत नाहीये, नाटक परवा आहे!) जाऊन बघतो तर निळा स्क्रीन, रिपेअर करतोय म्हणतो आणि परत निळा स्क्रीन. रिकव्हरी पेनड्राइव्ह कुठाय विचारलं तर कळलं की लॅपटॉप नवा असताना भाच्याने (म्हणजे माझ्याच धाकट्या भावाने) एक बनवला होता, आणि दोन वर्षांनी मामाने तो फॉरमॅट करून त्यात नाटकाची गाणी भरली.

नाटक शेवटी मोबाईलवरून गाणी वाजवून झालं. लॅपटॉप उभा करायला मला त्यानंतर आठ दिवस लागले, आणि त्यातले सहा दिवस निव्वळ पेनड्राइव्हशी मारामारी करण्यात गेले. हे सगळं लिहून ठेवतोय कारण असे छोटे लॅपटॉप घराघरात आहेत, मुलांच्या ऑनलाइन शाळेच्या वेळी घेतलेले, आणि त्यांच्या अडचणी मोठ्या लॅपटॉपपेक्षा वेगळ्या असतात. तुमचा लॅपटॉप आज व्यवस्थित चालू असेल तर आजच बसा, बंद पडल्यावर यातल्या निम्म्या गोष्टी करता येत नाहीत.

आधी घोळ मिटवू: पेनड्राइव्ह एक नाही, दोन

लोक "रिकव्हरी पेनड्राइव्ह" म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक म्हणजे विंडोजच्या आतलं "क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह" हे टूल जो बनवतं तो, यात तुमच्याच लॅपटॉपमधल्या विंडोजच्या फाइल्स जातात आणि कंपनीने दिलेले ड्रायव्हरही (वायफाय, आवाज वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बरेचसे त्यासोबत येतात. दुसरा म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून कोरी विंडोज उतरवून बनवलेला इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह, तो कुठल्याही कॉम्प्युटरवर बनवता येतो पण त्यात तुमच्या लॅपटॉपचं असं काहीच नसतं. छोट्या लॅपटॉपला दोन्ही लागतात असं माझं मत झालंय. पहिला बनवताना रुसतो, दुसरा बनतो पटकन पण वापरल्यावर रडवतो.

आणि दोन्हीत तुमचे फोटो, गाणी, एक्सेलचे हिशेब येत नाहीत हां. ते वेगळे कॉपी करून ठेवायचे. रिकव्हर करताना लॅपटॉपवरचं सगळं पुसलं जातं.

लॅपटॉपची कुंडली बघा

सेटिंग्ज, मग सिस्टम, मग अबाउट. तिथे तीन गोष्टी कागदावर उतरवा, मोबाईलमध्ये फोटो काढलात तरी चालेल.

पहिली, एडिशन. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर नुसतं "होम" नसतं, "होम सिंगल लँग्वेज" असतं. पुढे कोरी विंडोज टाकताना कधी एडिशन निवडायची यादी आली तर हेच निवडायचं, नाहीतर विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही आणि माणूस उगाच ॲक्टिव्हेशनची की शोधत बसतो. तसं विंडोज ८ पासून कंपनीतून विंडोज घालून आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे बहुतेक वेळा तो विचारतही नाही.

दुसरी, "सिस्टम टाइप" ची ओळ. ही ओळ नीट वाचा. मामाच्या लॅपटॉपवर तिथे लिहिलं होतं "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर". म्हणजे प्रोसेसर ६४ बिटचा पण विंडोज ३२ बिटची. मी मनात म्हटलं कंपनीने कंजूषपणा केला असेल, आणि पुढे गेलो. याच ओळीने माझ्या दोन रात्री खाल्ल्या, ते खाली येईलच.

तिसरी, डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे लॅपटॉपमधल्या फाइल्सना लागलेलं कुलूप. विंडोज १० मध्ये सेटिंग्जच्या "अपडेट अँड सिक्युरिटी" त, ११ मध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" त बघा. होम एडिशनमध्येसुद्धा हे आपोआप चालू झालेलं असू शकतं, तुम्ही कधी चालू केलेलं आठवत नसलं तरी. चालू असेल तर रिकव्हरीच्या वेळी लॅपटॉप ४८ आकडी की मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये डिव्हाइसेसच्या पानावर सापडते, पण ते अकाउंट कुठल्या ईमेलवर आहे, त्याचा पासवर्ड काय, ओटीपी कुठल्या नंबरवर जातो हे घरात कोणालाच माहीत नसतं. म्हणून आज काढा, वहीत लिहा. ४८ आकडे आहेत, घाईत एक चुकला तरी गेलं.

पेनड्राइव्ह कुठला घ्यावा

रिकव्हरीचं टूल म्हणतं किमान १६ जीबी पाहिजे. तुम्ही १६ चा घेऊन येता आणि तो कधीकधी "जागा कमी" म्हणून नाकारतो. कारण साधं आहे, कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने, त्यामुळे १६ चा पेनड्राइव्ह विंडोजला १४-१५ च दिसतो. सरळ ३२ चा घ्या. ६४ चा घेतलात तर टूल त्यातले ३२ च वापरतं आणि बाकीची जागा दिसेनाशी होते, पेनड्राइव्ह खराब झाला असं वाटतं पण झालेला नसतो.

आता माझी फजिती. मी पहिला पेनड्राइव्ह घेतला तो फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) फेरीतल्या एका स्टॉलवर, खाज्याच्या दुकानाच्या शेजारी, वर छापलंय १२८ जीबी आणि किंमत अशी की दोन घेतले. टूल चाललं, रात्रभर चाललं, आणि सकाळी एरर. परत केलं, परत तसंच. मग शंका आली आणि एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट प्रोग्रॅम चालवलं, ते पूर्ण पेनड्राइव्ह भरून लिहितं आणि परत वाचून बघतं. निघाला ७ जीबीचा माल. अशा नकली पेनड्राइव्हची गंमत म्हणजे विंडोजला तो १२८ च सांगतो, फाइल्स कॉपीही होतात, फक्त खऱ्या जागेच्या पुढे लिहिलेलं कुठे राहतच नाही. टेस्ट करायला वेळ लागतो, पण पेनड्राइव्ह नवा असला तरी एकदा करून घ्या. जेवायला जाताना लावून ठेवा.

सगळ्यात आधी ड्रायव्हर बाहेर काढा

हे मी शेवटी शिकलो पण तुम्ही आधी करा. ॲटमच्या या जातीच्या लॅपटॉपमध्ये वायफाय, टचपॅड, आवाज यांची जोडणी नेहमीच्या मोठ्या लॅपटॉपसारखी नसते. आवाजाची चिप तर वेगळ्याच पद्धतीने जोडलेली असते आणि तिला इंटेलचा खास ड्रायव्हर लागतो. कोरी विंडोज टाकली की वायफाय नाही, आणि वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. मामाच्या लॅपटॉपवर विंडोज झकास बसली, डेस्कटॉप आला, आणि खाली घड्याळाशेजारी स्पीकरवर लाल फुली. ज्याचं कामच गाणी वाजवणं त्याच्यात आवाजच नाही! कंपनीच्या साइटवरून ते मॉडेल केव्हाच गायब झालेलं.

तर विंडोज चालू असताना काय करायचं: पेनड्राइव्हवर (तिसरा, कुठलाही जुना ४ जीबीचा चालेल) "ड्रायव्हर्स" नावाचं फोल्डर करा, नाव मात्र इंग्रजीत द्या. स्टार्टवर राइट क्लिक करून ॲडमिनवाला पॉवरशेल किंवा टर्मिनल उघडा. आता फोनवर सांगतो तसं सांगतो, टाइप करा पी-एन-पी-यू-टी-आय-एल, स्पेस, स्लॅश, लगेच एक्स्पोर्ट, हायफन, ड्रायव्हर, स्पेस, चांदणी म्हणजे स्टार, स्पेस, आणि त्या फोल्डरचा पत्ता, आणि एंटर. भराभर ओळी येतात आणि बाहेरून घातलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरात जमा होतात. एक्स्पोर्ट आणि ड्रायव्हर या शब्दांमध्ये स्पेस द्यायची नाही, हायफन आहे तो.

नंतर वापरायची वेळ आली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, "ब्राउझ माय कॉम्प्युटर", हे फोल्डर दाखवा आणि "इन्क्लूड सबफोल्डर्स" ला टिक. एकेक करून सगळे बसतात.

आता खरा रिकव्हरी ड्राइव्ह

स्टार्टमध्ये "रिकव्हरी ड्राइव्ह" असं इंग्रजीत टाइप करा, "क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह" येईल. पहिल्याच पानावर एक टिक आहे, "बॅक अप सिस्टम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह". ती असलीच पाहिजे. टिक काढलीत तर काम पाच मिनिटांत होतं आणि माणूस खूश होतो, पण त्यात फक्त दुरुस्तीची हत्यारं असतात, विंडोज नसते.

नेक्स्ट दाबण्याआधी तयारी: चार्जर लावा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा, झाकण बंद करू नका. डिस्क क्लीनअप चालवून "क्लीन अप सिस्टम फाइल्स" मधून जुन्या अपडेटचा आणि जुन्या विंडोजचा कचरा काढा, कारण टूल जे कॉपी करतं त्यातला मोठा भाग त्याच सिस्टमच्या फोल्डरातून येतो, कचरा कमी तर वेळ कमी. फक्त त्या यादीत डाउनलोड्सवर टिक नाही ना बघून घ्या, मामाची तालमीची रेकॉर्डिंग तिथेच होती, थोडक्यात वाचली.

मग नेक्स्ट, पेनड्राइव्ह निवडा, सगळं पुसलं जाईल म्हणून सांगेल, क्रिएट. आणि आता वाट बघा. मोठ्या लॅपटॉपवर तासाभरात होतं, मामाच्या ॲटमवर चार तास लागले. हिरवी पट्टी एकाच जागी पाऊण तास थांबते, हलतच नाही, माणसाला वाटतं अडकला. बंद करू नका. पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. दिवा नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा, शून्यावर नसला म्हणजे जिवंत आहे.

आता अडतं कुठे ते. सगळ्यात कॉमन मेसेज: "वी कान्ट क्रिएट द रिकव्हरी ड्राइव्ह". कारण काय? सांगत नाही. चार जागी बघायचं.

एक, पेनड्राइव्ह नकली किंवा थकलेला. ते वर झालं.

दोन, पेनड्राइव्हवर जुन्या कशाचेतरी तुकडे, दोन-तीन पार्टिशन (म्हणजे डिस्कचे वेगळे पाडलेले भाग). नुसतं फॉरमॅट करून जात नाही. त्यासाठी विंडोजमधलंच डिस्कपार्ट हे टूल. विंडोजचं बटण आणि आर दाबून डिस्कपार्ट टाइप करा, मग "लिस्ट डिस्क". थांबा इथे! मामाचं ईएमएमसी, म्हणजे लॅपटॉपच्या आतलं स्टोरेज, ३२ जीबीचं, विंडोजला २९ दिसतं. पेनड्राइव्ह ३२ चा, तोही २९ च्या आसपास दिसतो. दोन ओळी, जवळजवळ सारखा आकडा, आणि चुकीच्या ओळीला "क्लीन" म्हटलं की लॅपटॉपच धुतला जातो. म्हणून आधी पेनड्राइव्ह काढून लिस्ट डिस्क बघायचं, मग लावून परत बघायचं, जी ओळ नवीन आली ती पेनड्राइव्हची. मग "सिलेक्ट डिस्क" आणि तो नंबर, परत एकदा "लिस्ट डिस्क" करून चांदणी बरोबर ओळीपुढे आहे का बघा, आणि मगच "क्लीन". ६४ चा पेनड्राइव्ह ३२ चा होऊन बसला असेल तर तोही असाच परत पूर्ण होतो.

तीन, आणि बहुतेकांचं इथेच अडतं, विंडोजचं आतलं रिकव्हरी वातावरण बंद असतं. ते नसेल तर टूल कॉपी कशावरून करणार, मग ती सिस्टम फाइल्सची टिक पुसट दिसते किंवा "काही फाइल्स मिसिंग" असं काहीतरी येतं. तपासायला ॲडमिनवाल्या काळ्या खिडकीत टाइप करा आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी, स्पेस, स्लॅश इन्फो. पहिल्याच ओळीत स्टेटस "एनेबल्ड" किंवा "डिसेबल्ड" येतं. डिसेबल्ड असेल तर तोच शब्द, स्पेस, स्लॅश एनेबल. नशीब असेल तर "ऑपरेशन सक्सेसफुल" येतं आणि पुढचं सगळं सुरळीत होतं. नशीब नसेल तर इमेज सापडत नाही म्हणतो. म्हणजे विनआरई नावाची फाइल जागेवर नाही. ती विंडोजच्या आयएसओमधल्या (आयएसओ म्हणजे अख्खी विंडोज एकाच फाइलमध्ये) इन्स्टॉल डॉट विम या मोठ्या फाइलच्या आत असते, सेव्हन-झिपने उघडून विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या वाटेने जायचं, ती फाइल आपल्या लॅपटॉपवर त्याच वाटेवर ठेवायची आणि परत एनेबल. आयएसओ मात्र त्याच व्हर्जनचा आणि तितक्याच बिटचा हवा. हे जमत असेल तरच करा, नाहीतर सरळ दुसऱ्या पेनड्राइव्हकडे वळा, काही कमीपणा नाही.

हे वातावरण गायब कसं होतं? छोट्या लॅपटॉपवर जागा कायम कमी, मग कोणीतरी शहाणा "हे ५०० एमबीचं पार्टिशन कशाला पाहिजे" म्हणून उडवतो. हे पार्टिशन मायक्रोसॉफ्टलाही पुरलेलं नाही बरं का, जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ नावाचं अपडेट आलं, त्याला या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती, ती नसली की अपडेट झिरो एक्स ८००७०६४३ हा नंबर दाखवून फेल व्हायचं. लोक महिनोन्महिने तो नंबर बघत होते. तुम्हालाही दिसला असेल तर व्हायरस वगैरे काही नाही.

चार, अँटिव्हायरस. बाहेरचा घातला असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा आणि इंटरनेटही काढा म्हणजे मध्येच अपडेट सुरू होणार नाही.

काम संपल्यावर काही लॅपटॉपवर शेवटच्या पानावर निळ्या अक्षरात एक लिंक येते, "डिलीट द रिकव्हरी पार्टिशन फ्रॉम युअर पीसी". जागा मिळेल म्हणतो. आमच्या बंधुराजांनी २०१६ मध्ये नेमकं हेच दाबलं होतं, म्हणजे लॅपटॉपमधलं मूळ गेलं आणि पेनड्राइव्हवरचं मामाने गाण्यांसाठी घालवलं. पेनड्राइव्ह चालतो हे डोळ्यांनी बघेपर्यंत त्या लिंकला हात लावायचा नाही. नंतरही नाही लावला तर उत्तम.

दुसरा पेनड्राइव्ह: कोरी विंडोज

हा दुसऱ्या, मोठ्या कॉम्प्युटरवर बनवा. छोट्या लॅपटॉपवर करायला गेलात तर डाउनलोडलाच सी ड्राइव्हवर जागा पुरत नाही. एस मोडवाला लॅपटॉप असेल तर तो बाहेरचा प्रोग्रॅम चालवूच देत नाही, म्हणजे तसंही दुसरा कॉम्प्युटर लागणारच. डाउनलोड चार-पाच जीबीचं आहे, मोबाईलच्या दिवसाला दीड जीबीवर होत नाही. आमच्याकडे पावसात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर मरतो आणि डाउनलोड पहिल्यापासून, तीनदा झालं असं, शेवटी फोंड्याला बहिणीकडे जाऊन केलं, तिच्याकडे इन्व्हर्टर आहे. जेवणही मिळालं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल घ्या, पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा. "क्रिएट इन्स्टॉलेशन मीडिया" निवडा. पुढच्या पानावर भाषा, एडिशन, आर्किटेक्चर येतं आणि खाली टिक असते, "यूज द रेकमेंडेड ऑप्शन्स फॉर धिस पीसी". ती टिक काढा! तो ज्या कॉम्प्युटरवर बसलाय त्याला सोयीचं निवडतो, तुमच्या लॅपटॉपची त्याला काही कल्पना नसते. बहिणीचा लॅपटॉप ६४ बिट, म्हणून पेनड्राइव्ह ६४ बिटचा झाला. मामाच्या लॅपटॉपला लावला तर बूटच्या यादीत, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्या यादीत, नावच नाही. एरर नाही, काही नाही, जणू लावलाच नाही. मी पोर्ट बदलले, पेनड्राइव्ह बदलला, सिक्युअर बूट बंद करून पाहिलं, बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधलं, जे दिसेल ते फिरवलं.

दोन रात्रींनी ट्यूब पेटली. या ॲटम लॅपटॉपचा प्रोसेसर ६४ बिट असला तरी यूईएफआय, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं फर्मवेअर, ३२ बिटचं घातलेलं असतं. त्याला ६४ बिटची बूट फाइल दिसतच नाही. पेनड्राइव्ह उघडून ईएफआय नावाच्या फोल्डरात बूट फोल्डर बघा, तिथे "बूटएक्स६४" फाइल असेल तर तो ६४ बिटचा, "बूटआयए३२" असेल तर ३२ चा. अबाउटमधली ती ओळ आठवली ना? "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर" दिसलं तर टूलमध्ये आर्किटेक्चर ३२ बिट निवडा, शंका असेल तर "बोथ", पेनड्राइव्ह मोठा लागेल एवढंच.

नवीन छोटे लॅपटॉप, सेलेरॉन एन४०२० वगैरे, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीवाले, ते ६४ बिटचेच, तिथे ही भानगड नाही. त्यांच्यावर विंडोज ११ असेल तर ११ चंच टूल घ्या. तिथे वेगळी गंमत होते, लोक आयएसओ उतरवून फाइल्स हाताने पेनड्राइव्हवर ओढतात आणि एक फाइल "टू लार्ज" म्हणून जात नाही. फॅट३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. टूलने बनवलात किंवा रुफस नावाचं फुकट प्रोग्रॅम वापरलंत तर ते आपलं आपण बघून घेतात.

मामाच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होणार नाही हे उघड आहे, ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि ३२ बिटची ११ मुळात नाहीच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून मामाला सांगितलंय, यावर बँक नाही, ईमेल नाही, फक्त गाणी आणि नाटकाची संहिता.

चालू करून बघा, हीच खरी पायरी

पेनड्राइव्ह बनला की लोक कपाटात ठेवतात. अहो, तो चालतो की नाही कोणी बघितलं?

विंडोज चालू असताना सोपा रस्ता: पेनड्राइव्ह लावा, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, निळा स्क्रीन येईल, "यूज अ डिव्हाइस", तिथे पेनड्राइव्ह दिसला पाहिजे. पण विंडोज मेलेली असताना हा रस्ता नसतो, म्हणून लॅपटॉप चालू होताना दाबायच्या बटणाचा रस्ताही आजच शोधून ठेवा. एचपीला एस्केप आणि मग एफ९, डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एसुसला एस्केप, एसरला एफ१२ पण ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. छोट्या लॅपटॉपवर एफच्या बटणांवर आवाज-ब्राइटनेस असतं, तेव्हा एफएन धरूनही करून बघा. आणि लॅपटॉप "शटडाउन" केला तरी फास्ट स्टार्टअपमुळे तो पूर्ण बंद झालेला नसतो, अर्धा झोपलेला असतो, मग बटण कितीही बडवा पकडत नाही. रीस्टार्ट करून बटण बडवा, किंवा शिफ्ट धरून शटडाउन करा.

पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. हबमधून लावलेला कधी दिसतो कधी नाही, आणि एकच पोर्ट असलेला लॅपटॉप असेल तर हे आजच बघून ठेवलेलं बरं. यूएसबी माउस मिळाला तर जवळ ठेवा, कारण या निळ्या स्क्रीनवर टचपॅड चालत नाही बऱ्याच वेळा. नाहीच तर टॅब, बाण आणि एंटर.

कीबोर्ड निवडा असा स्क्रीन आला म्हणजे पेनड्राइव्ह जिवंत आहे. पुढे ट्रबलशूटमध्ये जा, तिथे "रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह" दिसतंय का बघा. दिसलं? झालं. ते दाबू नका! मागे या आणि लॅपटॉप बंद करा. ते दाबून पुढे हो-हो करत गेलात तर चाचणीच्या नावाखाली लॅपटॉप कोरा होईल. ट्रबलशूटमध्ये ते दिसलंच नाही तर तुमची ती पहिल्या पानावरची टिक राहिलेली असणार, परत बनवा.

इन्स्टॉलेशनवाला पेनड्राइव्हही तसाच लावून भाषा निवडायच्या स्क्रीनपर्यंत जा आणि वर कोपऱ्यातल्या फुलीने बाहेर या.

खरंच वेळ आली तर

आधी रिकव्हरीवाला लावा, एन्क्रिप्शनची की मागितली तर वही काढा, चार्जर लावा, तीन-चार तास धरून चाला. तो फेल झाला तरच कोऱ्या विंडोजचा, आणि लगेच ड्रायव्हरचं फोल्डर. पण या दोन्हीच्या आधी आतल्या फाइल्स वाचवा: कोऱ्या विंडोजच्या पेनड्राइव्हवरून "रिपेअर युअर कॉम्प्युटर", त्यात कमांड प्रॉम्प्ट, तिथे "नोटपॅड" टाइप करून फाइल, ओपन केलंत तर एक साधी खिडकी उघडते, खाली "ऑल फाइल्स" निवडलं की सगळ्या फाइल्स दिसतात आणि राइट क्लिक करून कॉपी-पेस्टही होतं. मामाची गाणी मी अशीच बाहेर काढली. एकेका फोल्डरने केलं, घाई केली तर हँग होतं.

ठेवायचं कसं

रिकव्हरी ड्राइव्ह वर्षातून एकदा नवीन बनवा असं मायक्रोसॉफ्टही सांगतं, मधल्या अपडेट त्यात नसतात. आम्ही चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीची साफसफाई काढतो तेव्हा करायचं ठरवलंय. आपली हवा खारी आणि दमट, पेनड्राइव्हच्या टोकाला हिरवट डाग येतात, म्हणून टोपणवाला घ्या आणि औषधाच्या बाटलीत येते ती सिलिकाची पुडी टाकून डब्यात ठेवा. वर पट्टी चिकटवून लिहा, लॅपटॉप कुठला, ३२ बिट की ६४, तारीख. सोबत बूटचं बटण कुठलं ते पण.

मामाच्या डब्यावर मी मोठ्या अक्षरात "गाणी भरू नये" असं लिहिलंय. परवा गेलो तर विचारत होता, ह्यात अजून बारा जीबी मोकळी दिसतेय, थोडी नांदी टाकू का? लाल रंगाचा वेगळा पेनड्राइव्ह घेऊन दिलाय त्याला.